निळा उजेड पडला की समजायचं

प्रश्न : मुलाने लॅपटॉपवर ‘क्वाइदान’ नावाचा जुना जपानी भुतांचा पिक्चर लावून दिला. भीती अशी फारशी वाटली नाही पण रंग बघून चक्रावलोच, आभाळात चक्क डोळे रंगवलेत आणि ती बर्फातली बाई आली की सगळं निळं होतं. लाल म्हणजे धोका, निळा म्हणजे भूत असं काही ठरलेलं असतं का यात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ठरलेलं काही नसतं हो, आणि तसं कोष्टक मांडून बघायला बसलात तर अर्धी मजा जाईल. १९६४चा हा चार वेगवेगळ्या गोष्टींचा पिक्चर, दिग्दर्शक मासाकी कोबायाशींचा पहिलाच रंगीत, आणि बराचसा विमानांच्या एका प्रचंड हँगरमध्ये सेट लावून केलेला, म्हणजे ते आभाळ सेटमागच्या पडद्यावर रंगवलेलं आहे, त्यामुळे कुठला रंग कधी येणार हे सगळं दिग्दर्शकाच्या हातात. रंग कुठला यापेक्षा तो कधी बदलतो तेवढं धरा. बर्फवालीच्याच गोष्टीत बघा ना, तो लाकूडतोड्या, तिने जिवंत सोडलेला, कुणाला सांगणार नाही या अटीवर, पुढे लग्न होतं, पोरं होतात, आणि एका रात्री बायको दिव्यापाशी शिवत बसलेली असताना हा सहज म्हणून जुनी हकीकत सांगायला लागतो आणि तिच्या तोंडावरचा उबदार पिवळा उजेड जाऊन तोच निळा येतो. झालं! ती काही बोलायच्या आधी आपल्याला कळलेलं असतं की भूत बाहेरून यायचंच नव्हतं, इतकी वर्षं याच घरात नांदत होतं.

आता लालचं. त्याच पिक्चरमधल्या होइची या आंधळ्या गायकाच्या गोष्टीत ११८५ची दान-नो-उराची समुद्रातली लढाई आहे, तिथे लाल निशाणं हेइके घराण्याची, पांढरी गेंजींची. म्हणजे तिथला लाल हा धोका नाही, हरलेल्या पक्षाचा झेंडा आहे, आणि होइचीला गायला बोलावणारी भुतं त्याच पक्षाची. याउलट निकोलस रोग या दिग्दर्शकाचा १९७३चा ‘डोन्ट लुक नाऊ’ घ्या. सुरुवातीलाच लाल रेनकोटातली पोरगी तळ्यात बुडते, आणि त्याच वेळी घरात बाप चर्चची एक स्लाइड बघत बसलेला असतो, त्या स्लाइडवर पाणी सांडतं आणि तिच्यातला लाल रंग ओघळून पसरत जातो. (रोग आधी कॅमेरामन होते, ते दिसतंच.) मग आईबाप व्हेनिसला जातात, ते शहर सगळं करडं, ओलं, मळकट, आणि त्यात कुठेतरी लाल ठिपका दिसला की बाप त्याच्या मागे निघालाच. इथे लाल म्हणजे त्याचं न संपलेलं दुःख. एकच रंग, दोन पिक्चरमध्ये दोन कामं.

प्रश्न : मग आपल्याकडे भूत म्हटलं की पांढरी साडीच का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : एक कारण अगदी साधं, पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट होते आणि काळ्या रात्रीत पांढरंच उठून दिसतं. ‘वो कौन थी’मधली पावसातली साधना आठवा, तो पण १९६४चाच! त्यात पांढरं म्हणजे आपल्याकडे विधवेचं, कफनाचं, म्हणून बघणाऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. जपानमध्येही मृताला पांढरंच नेसवतात, तिथल्या जुन्या चित्रांतल्या भुतिणी त्याच वेषात असतात. पुढे रंगीत जमाना आला तरी आपल्याकडे साडी तीच राहिली, हा मात्र निव्वळ आळस.

आणि सांगलीकर, कुणाला ‘क्वाइदान’ सुचवणार असाल तर आधी लांबी बघायला सांगा. पूर्ण पिक्चर तीन तासांचा आहे, अमेरिकेत दाखवताना नेमकी बर्फवालीची गोष्टच कापली होती.