परसातील कोंबड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंदूरच्या राजेंद्रनगर भागात आमचे जुने बैठे घर आहे आणि परसात नऊ कोंबड्या आहेत. त्यांपैकी चार कडकनाथ असून पाच तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित जातीच्या आहेत. उन्हाळा तापू लागल्यापासून सकाळी खुराड्यात मधूनमधून कवच नसलेले, हाताला पाण्याच्या पिशवीसारखे लागणारे अंडे सापडते. काही अंड्यांचे कवच इतके पातळ असते की उचलतानाच फुटते. आम्ही लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य, देतो. शिवाय सासूबाई दुपारी मका, तांदळाची कणी आणि उरलेल्या पोळ्यांचे तुकडे घालतात. कोंबड्या एरवी तरतरीत आहेत. दुकानदाराने कॅल्शियमचे औषध आणि अँटिबायोटिकची पूड दिली आहे. ती द्यावी का?

उत्तर : अँटिबायोटिकची पूड देऊ नये. शिंका, घरघर, हिरवट विष्ठा किंवा मरतूक यांपैकी कशाचाही उल्लेख आपल्या पत्रात नाही. कारण नसताना अशी पूड दिली तर कवच सुधारणार नाहीच, उलट औषधाचा अंश अंड्यांत उतरेल आणि ती अंडी घरातल्या मुलांच्या ताटात जातील. आपल्या कोंबड्यांची अडचण उन्हाळा आणि दुपारचा दाणा या दोन्हींनी मिळून निर्माण केली आहे, असे पत्रावरून दिसते.

पिवळा बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडे घातले जाईपर्यंत साधारणपणे 24 ते 26 तास लागतात. त्यातील पहिल्या चार-पाच तासांत बलकाभोवती पांढरा भाग चढतो आणि त्यावर दोन पातळ पापुद्रे तयार होतात. त्यानंतरचे सुमारे वीस तास अंडे कवचग्रंथीत राहते आणि तेथे त्यावर चुन्याचा थर बसतो. आपल्याला सापडलेली पिशवी म्हणजे पापुद्र्यांपर्यंतचे काम पुरे झालेले आणि कवचाविनाच बाहेर आलेले अंडे होय. पूर्ण कवचाचे वजन पाच-सहा ग्रॅम भरते आणि त्यात दोन ग्रॅमांहून थोडे अधिक कॅल्शियम असते. हे बरेचसे काम रात्री, कोंबडी दांडीवर बसलेली असताना चालते. त्या वेळी चोचीला दाणा नसतो. पोटात जे शिल्लक असेल ते आणि हाडांत साठवलेले कॅल्शियम यांवरच कोंबडीला भागवावे लागते. म्हणून कवचाचा विचार करताना दिवसभरात एकूण किती कॅल्शियम दिले याबरोबरच संध्याकाळी पोटात काय गेले, हेही पाहावे लागते.

आता दुपारच्या दाण्याचा हिशेब पाहू. अंड्यावरच्या संकरित कोंबडीला दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य लागते आणि चांगल्या लेयर मॅशमध्ये साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. म्हणजे पोटभर मॅश खाल्ला तर सुमारे चार ग्रॅम कॅल्शियम मिळते आणि त्यातील निम्म्याहून थोडे अधिक अंगी लागते. मका, कणी आणि पोळी यांत मात्र कॅल्शियम नगण्यच असते. समजा, एखाद्या कोंबडीने 40 ग्रॅम दाणा टिपला आणि मॅश 70 ग्रॅमच खाल्ला, तर कॅल्शियम अडीच ग्रॅमांच्या आसपास येते आणि अंगी लागणारा भाग एका कवचालाही पुरत नाही. काही दिवस हाडांतील साठा ही तूट भरून काढतो; तो आटू लागला की कवच पातळ होते आणि हाडेही ठिसूळ होतात. सासूबाईंनी दाणे घालणे बंद करावे असे मी म्हणणार नाही, कारण हाकेसरशी धावत येणाऱ्या कोंबड्यांमुळे एखादी मलूल असेल तर ती लगेच नजरेत भरते. दाणा दुपारऐवजी संध्याकाळी, मॅश खाऊन झाल्यानंतर, सर्व कोंबड्यांत मिळून दोन-तीन मुठी एवढाच घालावा. माळव्यात घरोघरी सोयाबीन असते म्हणून एक सूचना येथेच देतो. कच्चे सोयाबीन कोंबड्यांना कधीही घालू नये. त्यातील घटकांमुळे प्रथिनांचे पचन बिघडते.

उन्हाळ्याचा परिणाम दोन वाटांनी होतो. उष्म्यात कोंबडी कमी खाते, आणि कमी खाताना आधी मक्याचे दाणे वेचून मॅश मागे ठेवते. दुसरी वाट रक्तातून जाते. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून आणि पंख अंगापासून दूर धरून ती धापा टाकते, त्याने शरीर निवते खरे. पण प्रत्येक धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. कवच हे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट असते आणि त्यातील कार्बोनेट रक्तात विरघळलेल्या याच वायूपासून मिळते. तो घटला की रक्ताची आम्लता बदलते, मोकळे कॅल्शियमही कमी पडते आणि खाद्य उत्तम असूनही कवच पातळ होते. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातील सर्वांत कडक नऊ दिवसांत, जेव्हा रात्रीही हवा निवत नाही, तेव्हा ही तक्रार वाढते.

तेव्हा पहिला उपाय सावलीचा आणि पाण्याचा करावा. पाण्याची भांडी मातीची असावीत, ती दिवसभर सावलीत राहावीत आणि दुपारी एकदा त्यांतील पाणी बदलावे. तापलेल्या पाण्याला कोंबडी तोंड लावत नाही. खुराड्यावर पत्रा असेल तर त्यावर गवत किंवा गोणपाट टाकून ते ओले ठेवावे, मात्र बाजूंनी वारा खेळता राहू द्यावा, नाहीतर आत दमट कोंदटपणा होतो आणि तो कोरड्या उष्म्याहून वाईट असतो. मॅश पहाटे, ऊन चढण्यापूर्वी आणि पुन्हा दिवस कलल्यावर घालावा.

दुसरा उपाय शिंपल्यांच्या चुऱ्याचा आहे. कुक्कुटखाद्याच्या दुकानात तो शेल ग्रिट या नावाने मिळतो. पिठासारखा बारीक चुरा घेऊ नये. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे घ्यावेत, कारण ते पेषणीत, म्हणजे दाणा दळणाऱ्या जठराच्या भागात, रेंगाळतात आणि रात्रभर हळूहळू विरघळत कवचग्रंथीला पुरवठा करत राहतात. हा चुरा मॅशमध्ये मिसळू नये, वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीच्या पोटात अंडे तयार होत असते ती संध्याकाळी आपण होऊन त्याकडे वळते आणि जिला गरज नसते ती फारसे खात नाही. हे पाहण्यासारखे असते. कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपासच अंडी देते आणि तिचे अंडेही लहान असते, त्यामुळे आपल्या चार कडकनाथ त्या भांड्याशी कमी दिसतील आणि तपकिरी अंड्यांच्या कोंबड्या अधिक. वाळू किंवा मुरूम यांना शिंपल्यांचा पर्याय समजू नये. ते दाणा दळायला उपयोगी पडतात, पण त्यांतून कॅल्शियम मिळत नाही. घरातील अंड्यांची टरफले तव्यावर कडक भाजून, ओळखू न येण्याइतकी चुरून घातली तर चालतात. अर्धवट फोडून टाकलेल्या टरफलांमुळे मात्र कोंबड्यांना अंडी फोडून खाण्याची सवय लागते. काही घरांत पानाचा चुना पाण्यात कालवून देतात. तो दाहक असल्यामुळे देऊ नये.

दुकानदाराने दिलेले कॅल्शियमचे औषध बाटलीवरील प्रमाणात आठवडाभर देण्यास हरकत नाही, परंतु ते पोटातून लवकर पुढे सरकते आणि रात्री उपयोगी पडत नाही, म्हणून शिंपल्यांच्या जागी त्यावर विसंबू नये. परसात पिल्ले असतील तर त्यांना लेयर मॅश मुळीच घालू नये. अंडी न देणाऱ्या वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना इतके कॅल्शियम अपाय करते.

एवढे केल्यावर दहा-पंधरा दिवसांत फरक दिसायला हवा. बाकी अंडी सुधारली आणि एकाच कोंबडीचे अंडे मऊ राहिले, तर तिचे वय किंवा तिच्या अंडनलिकेतील दोष हे कारण असू शकते. वय वाढते तसे अंडे मोठे होते आणि तेवढाच चुना मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. ती कोंबडी ताठ उभी राहून कुंथत असेल, पिसे फुलवून कोपऱ्यात बसत असेल किंवा तिचे पोट खालून टणक लागत असेल, तर अंडे आत अडकले किंवा फुटले असण्याचा संभव आहे. अशा वेळी वाट पाहू नये, त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे.

सर्वच कोंबड्यांची अंडी एकदम कमी झाली, तपकिरी अंड्यांचा रंग उडाला आणि मऊ अंडी वाढली, तर माझे वरील मत बाजूला ठेवावे. राणीखेत, संसर्गजन्य ब्राँकायटिस आणि अंडी घटण्याचा विषाणुजन्य आजार यांची सुरुवात अशी होऊ शकते. यांतील शेवटचा विषाणू बदकांत आणि हंसांत त्यांना विशेष त्रास न देता राहतो, म्हणून बदके आणि कोंबड्या यांचे पाणी एक ठेवू नये. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून दूर नाही. तेथे निदानासाठी विचारणा करावी. अचानक दोन-तीन पक्षी दगावले तर त्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुपालन विभागाला कळवावे. 2020 च्या डिसेंबरअखेरीस इंदुरात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

प्रश्न : आमच्या तलंगा (तरुण कोंबड्या) नुकत्याच अंड्यावर आल्या आहेत. एकीने सुपारीएवढे, पिवळा बलकच नसलेले अंडे दिले, दुसरीच्या अंड्यात दोन बलक निघाले. आता एका अंड्याच्या मध्यावर कंगोरा दिसतो आणि काहींवर खरखरीत पुळ्या आहेत. शेजारच्या मावशी म्हणतात की अशा कोंबड्या ठेवू नयेत. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : मावशींना नमस्कार सांगा आणि कोंबड्या ठेवा. नव्या तलंगेचे अंडाशय आणि अंडनलिका यांचा मेळ बसायला काही आठवडे जातात. दोन बलक पाठोपाठ सुटले की जोड अंडे होते; बलकाऐवजी एखादा लहानसा तुकडा नलिकेत उतरला की नलिका त्यालाच बलक समजून पांढरा भाग आणि कवच चढवते.

कंगोऱ्याचे कारण निराळे आहे. कवच कोवळे असताना कोंबडी दचकली, रात्री मांजर खुराड्याशी आले किंवा वस्तीत फटाके वाजले, तर आतल्या आत कवचाला तडा जातो आणि त्यावर नवा थर बसून तो सांधला जातो. त्याची खूण कंगोऱ्याच्या रूपाने राहते. असे अंडे एखादे असेल तर सोडून द्यावे, वारंवार येऊ लागले तर रात्री खुराड्याभोवती काय फिरते ते पाहावे आणि दांडीवर दाटी होत असेल तर जागा वाढवावी. पुळ्या म्हणजे चुन्याचे जादा कण होत. सुरकुत्या पडलेली अंडी मात्र महिनाभर येत राहिली आणि फोडल्यावर पांढरा भाग पाण्यासारखा पसरू लागला, तर ब्राँकायटिस येऊन गेल्याची शंका घ्यावी.

प्रश्न : मऊ कवचाचे किंवा वेडेवाकडे अंडे खाल्ले तर चालते का? (इंदूर)

उत्तर : कवच टणक आणि अखंड असेल तर आकार कसाही असला तरी अंडे निर्धास्तपणे खावे, मात्र ते उबवणीला ठेवू नये. कवच नसलेल्या अंड्याला जंतूंपासून पुरेसे संरक्षण नसते. ते स्वच्छ जागी, ताजे आणि न फुटलेले सापडले तर त्याच दिवशी पूर्ण शिजवून खाता येते. अर्धकच्चे खाऊ नये आणि लहान मुले, गर्भवती व आजारी माणसे यांना देऊ नये. विष्ठेत पडलेले किंवा पाझरणारे अंडे खड्ड्यात पुरावे. ते खुराड्यात तसेच राहू दिले तर कोंबड्या त्याची चव घेतात आणि मग चांगली अंडीही फोडू लागतात.