स्वतंत्र संस्थेचे आर्थिक अंदाजही चुकतात, मग तिची गरज काय?

तुम्ही विचारलंय की अर्थखात्यात एवढे तज्ज्ञ असताना ब्रिटनने अंदाजांसाठी वेगळी संस्था का काढली, आणि तिचेही आकडे चुकत असतील तर ती ठेवायची कशाला. मी इंग्लंडमध्ये एका स्थानिक कौन्सिलच्या वित्त विभागात काम करतो. या संस्थेचा, ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीचा, म्हणजे ओबीआरचा, अंदाज आला की आमच्याकडे तो ओळ न् ओळ वाचला जातो, कारण येत्या वर्षांत सरकारकडून किती पैसे येऊ शकतील याचा सुगावा तिथेच लागतो.

अंदाज फुगतो तो अधिकाऱ्यांच्या अकलेत कमतरता असते म्हणून फुगत नाही. पुढच्या पाच वर्षांचा वाढीचा दर अर्धा टक्का जास्त धरला की कागदावर करांचं उत्पन्न वाढतं, तूट घटते आणि एकही कर न वाढवता नव्या योजनेला पैसे सापडतात. हा मोह कुठल्याही पक्षाच्या मंत्र्याला होतो. २०१० पर्यंत ब्रिटनमध्ये अंदाज ट्रेझरीच, म्हणजे तिथलं अर्थखातंच, करायची. तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांचा नियम होता की तेजी-मंदीच्या एका पूर्ण आर्थिक चक्राचा हिशेब धरून कर्ज फक्त गुंतवणुकीसाठी काढायचं. नियम चांगला, पण चक्र कधी सुरू झालं हे ठरवायचं ट्रेझरीनेच. २००५ मध्ये तिने ती सुरुवात १९९९ वरून १९९७ वर नेली आणि नियम पाळणं एकदम सोपं झालं. त्यामागे आकडेवारीची खरी कारणं असतीलही, पण ऐकणाऱ्याने विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

२०१० मध्ये नवे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी हे काम ट्रेझरीकडून काढून ओबीआरला दिलं आणि २०११ मध्ये तसा कायदा झाला. तीन जणांची समिती, हाताखाली पन्नासेक माणसं. सरकार आपले कर आणि खर्चाचे प्रस्ताव त्यांच्याकडे पाठवतं, ते प्रत्येक प्रस्तावाचा हिशेब तपासतात, पटला नाही तर उलट प्रश्न विचारतात. सरकारच्या धोरणाऐवजी दुसरं काय करता आलं असतं, यावर बोलायची मात्र कायद्याने मुभा नाही. (नेदरलँड्समधली संस्था याच्या पुढे जाते. १९४५ मध्ये यान टिनबर्गेन यांच्या संचालकपदाखाली सुरू झालेली सीपीबी १९८६ पासून राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यांचाही हिशेब मांडते. मला ती पद्धत फार आवडते.)

आता चुकांबद्दल. ओबीआरची सगळ्यात मोठी चूक उत्पादकतेबाबत झाली. २००८ च्या संकटानंतर कामगारांची उत्पादकता पुन्हा जुन्या वेगाने वाढेल असं ती वर्षानुवर्षं धरत राहिली आणि प्रत्यक्षातली रेघ जवळजवळ आडवीच राहिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिने तो अंदाज बराच खाली आणला, नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा. पण हे आपल्याला कळतं कुठून? तिच्याच अहवालांतून. जुने सगळे अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे एकाच आलेखावर छापून, चूक कुठल्या गृहीतकामुळे झाली हे ती जाहीरपणे सांगते. कुणाच्या सोयीसाठी न केलेली चूक दुरुस्त होऊ शकते, म्हणून मला ती चालते.

अंदाज नसला तर काय होतं हे आम्ही २०२२ मध्ये पाहिलं. २३ सप्टेंबरला तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी कर्जाच्या जोरावर प्रचंड करकपात जाहीर केली आणि सोबत ओबीआरचा अंदाज जोडला नाही. पौंड डॉलरसमोर विक्रमी नीचांकावर गेला, सरकारी कर्जरोख्यांच्या किमती कोसळल्या, पेन्शन फंड अडचणीत आले आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीसाठी उतरावं लागलं. बँकांनी गृहकर्जाच्या योजना भराभर मागे घेतल्या. माझे काही सहकारी तेव्हा नवा दर मिळवण्यासाठी दिवसभर फोनला चिकटलेले असायचे. करकपात मुळातच मोठी होती, सगळा दोष न जोडलेल्या अंदाजाचा नव्हता. पण सरकार हिशेब दाखवायला टाळतंय असं दिसल्यावर बाजाराने जास्तीत जास्त वाईट तेच गृहीत धरलं.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रोजचा खर्च करांच्या उत्पन्नातूनच भागवायचा, असा सरकारचा वित्तीय नियम आहे. मार्च २०२५ मध्ये सरकारला तो पाळून वर ९.९ अब्ज पौंडांची मोकळीक राखायची होती. सरकारचा एकूण खर्च तेव्हा १,३०० अब्जांच्या आसपास, आणि नियम पाळला जाण्याची शक्यता ओबीआरने स्वतःच जेमतेम ५४ टक्के दिलेली. तरीही आजारी आणि अपंग लोकांच्या भत्त्यांतून सरकारच्या म्हणण्याप्रमाणे ५ अब्ज न वाचता ३.४ अब्जच वाचतील असं ओबीआरने सांगितल्यावर, आकडा जुळवायला ऐनवेळी आणखी कपात घातली गेली. धूसर अंदाजातल्या दशांशासाठी माणसांच्या भत्त्याला हात लावणं मला अन्यायाचं वाटतं. यात अंदाज करणाऱ्याचा दोष नाही, तो आकडा दगडावरची रेघ समजून वापरणाऱ्याचा आहे.

भारतात अशी संस्था नाही. एन. के. सिंह समितीने २०१७ मध्ये वित्तीय परिषदेची, म्हणजे अशाच स्वतंत्र संस्थेची, शिफारस केली, पंधराव्या वित्त आयोगानेही केली, पुढे काही झालं नाही. कॅग आहे, पण ते खर्च झाल्यावर तपासतं. अन्न महामंडळाचं उदाहरण घ्या. अनुदानाची रक्कम पूर्ण न देता त्याला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून, म्हणजे लोकांनी पोस्टात ठेवलेल्या पैशांतून, कर्ज दिलं जायचं आणि ते तुटीत दिसायचं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती कर्जं हिशेबात घेतली. कोविडमधल्या मोफत धान्याचा खर्चही त्यात होता, पण २०२०-२१ चं अन्न अनुदान १.१६ लाख कोटींवरून एकदम ४.२३ लाख कोटींवर गेलं. उशिरा का होईना, सरकारने ते कागदावर आणलं हे चांगलंच झालं. स्वतंत्र अंदाज करणारं कुणी असतं, तर हा प्रश्न दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशीच विचारला गेला असता.

तोवर एक गोष्ट तुम्ही स्वतः करू शकता. अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष आकडा शेजारी शेजारी छापलेले असतात. निर्गुंतवणुकीच्या, म्हणजे सरकारी कंपन्यांतले हिस्से विकून येणाऱ्या पैशांच्या, जुन्या आकड्यांपासून सुरुवात करा. २०२१-२२ साठी तिथे १.७५ लाख कोटी धरले होते, सुधारित अंदाजात ७८ हजार कोटी झाले.