कस्टम्सचे नियम बदलले की परदेशी जाणारे पार्सल का अडते, आणि अडलेल्या पार्सलचे काय करावे?

आपला प्रश्न मला असा समजला. आपण बहिणीला परदेशी पाठवलेले पार्सल तीन आठवडे ट्रॅकिंगमध्ये एकाच नोंदीवर थांबले आहे, पोस्टाच्या खिडकीवर ‘तिकडचे कस्टम्सचे नियम बदलल्यामुळे सेवा स्थगित आहे’ एवढेच सांगितले गेले, आणि कर वाढला असेल तर तो वाढीव कर घ्यावा, त्यासाठी टपालच बंद कशाला करायचे, हे आपल्याला उमगत नाही. मी हाताने बांधलेल्या वह्या गेली बरीच वर्षे पोस्टाने परदेशी पाठवत आलो आहे आणि या काळात माझी पार्सले अशा बदलांच्या कात्रीत एकाहून अधिक वेळा सापडली आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आपली शंका रास्त आहे, कारण टपाल कराच्या आकड्यामुळे सहसा बंद पडत नाही. कर शेकडा दहा असो वा पन्नास, पोस्टाच्या दृष्टीने तो साधा गुणाकार आहे. टपाल अडते ते हा पैसा कोणी, कोणाकडून, प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर घ्यायचा आणि परक्या देशाच्या तिजोरीत कोणत्या मार्गाने भरायचा, याची बसलेली घडी विस्कटते तेव्हा.

ही घडी फार जुनी आहे. बर्न येथे ९ ऑक्टोबर १८७४ रोजी झालेल्या करारातून जो संघ उभा राहिला, तोच आजचा १९२ सदस्य देशांचा जागतिक टपाल संघ. सर्व सदस्य देश मिळून टपालापुरता एकच प्रदेश मानायचा, पाठवणाऱ्याने आपल्या देशात एकदा पैसे भरले की ते टपाल पत्त्यावर पोहोचवण्याची जबाबदारी पुढच्या देशाने घ्यायची, अशी त्यामागची कल्पना होती. या व्यवस्थेत पाठवणाऱ्या पोस्टाचा परदेशी कराशी काडीचाही संबंध येत नसे. बंद पिशवी समोरच्या देशाच्या हवाली करायची. तिथले कस्टम्स अधिकारी ती उघडतील, वाटल्यास शुल्क लावतील, आणि तिथला पोस्टमन ते शुल्क घेणाऱ्याकडून वसूल करील, अशी ही साखळी होती. कुरिअर कंपनीचे तसे नसते. तिची माणसे दोन्ही टोकांना असतात, कस्टम्सची कागदपत्रे करणारे तिचे स्वतःचे लोक असतात, आणि शुल्क आधी भरून नंतर ग्राहकाकडून घेण्याची तिची रीत पूर्वीपासूनची आहे. त्यामुळे नियम बदलला की कुरिअरचे दर वाढतात, क्वचित उशीर होतो. पोस्ट मात्र जागच्या जागी थांबते.

इतकी वर्षे हे निभावले, याचे एक कारण किमान मूल्याची सूट हेही होते. लहानसहान वस्तूंवरचा कर गोळा करण्याचा खर्च करापेक्षा जास्त होतो, म्हणून ठराविक किमतीखालचा माल बहुतेक देश करमुक्त सोडत असत. अमेरिकेत ही सूट १९३८ पासून होती आणि २०१६ मध्ये तिची मर्यादा २०० डॉलरवरून ८०० डॉलरवर नेण्यात आली. युरोपीय संघात २२ युरोपर्यंतच्या मालावर मूल्यवर्धित कर लागत नसे. पुढे ऑनलाइन खरेदीचा पूर आला, परदेशी विक्रेते लहान लहान पार्सलांतून करमुक्त माल थेट घरी पाठवू लागले, देशातले दुकानदार कुरकुरू लागले, आणि सरकारांनी हे दार एकेक करून लावून घ्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या आयातीवरही कर लावला, ब्रिटनने जानेवारी २०२१ मध्ये आपली १५ पौंडांची सूट काढली, आणि युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोंची. या तिन्ही ठिकाणी कर विक्रीच्या वेळीच विक्रेत्याकडून घेण्याची सोय आधी उभी केली गेली होती, त्यामुळे टपालाच्या पिशव्या सरसकट अडून पडल्या नाहीत. नोंदणी नसलेल्या किरकोळ पाठवणाऱ्यांना मात्र झळ बसली. माझ्या एका ग्राहक बाईंना दारात कर आणि वर त्याहून जास्त हाताळणी शुल्क भरावे लागले, आणि त्यांनी पुन्हा कधी वही मागवली नाही.

अमेरिकेत २०२५ मध्ये जे घडले ते वेगळ्याच धर्तीचे होते आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातच आहे. चीन आणि हाँगकाँगच्या मालाची सूट काढण्याचा आदेश आला तेव्हा ४ फेब्रुवारीला अमेरिकी टपाल सेवेने तिथून येणारी पार्सले घेणे थांबवले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू केले. वसुलीची व्यवस्था जागेवर नव्हती याची ती कबुलीच होती. पुढे २ मे रोजी चीन-हाँगकाँगपुरती सूट प्रत्यक्षात संपली. मग ३० जुलैला आदेश निघाला की २९ ऑगस्टपासून ही सूट सर्वच देशांच्या मालाला बंद. म्हणजे हाती जेमतेम महिना. शिवाय शुल्क घेणाऱ्याच्या दारात वसूल न करता माल आणणाऱ्या वाहतूकदाराने किंवा मान्यता मिळवलेल्या मध्यस्थाने गोळा करून अमेरिकी कस्टम्सकडे भरायचे, असे ठरले. दीडशे वर्षांची साखळी इथे उलटी फिरली. अशी मान्यता कोणाला मिळणार, माहिती कोणत्या स्वरूपात पाठवायची, पैसे कोणत्या खात्यातून जाणार, हे ऑगस्टच्या मध्यापर्यंत नीट स्पष्ट नव्हते. अशा स्थितीत विमान कंपन्यांनी टपालाच्या पिशव्या उचलायला नकार दिला, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण वसुलीची जबाबदारी उद्या त्यांच्याच गळ्यात पडली असती.

परिणाम आकड्यांतच पाहावा. जागतिक टपाल संघाने जाहीर केले की २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारे टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटले होते, आणि ८८ टपाल संस्थांनी आपली सेवा पूर्णतः वा अंशतः थांबवल्याचे कळवले होते. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट कायम होती, तरी काही देशांत त्याही थांबल्या, कारण पिशवीच विमानात चढत नसेल तर आतल्या वस्तूला सूट असून उपयोग काय? त्या काळात टक्केवारीऐवजी नगामागे ८०, १६० किंवा २०० डॉलर असे ठोक शुल्क लावण्याचाही एक पर्याय सहा महिन्यांपुरता ठेवला होता. माल ज्या देशाचा त्याच्यावरचा अमेरिकी आयातशुल्काचा दर १६ टक्क्यांखाली असेल तर ८०, १६ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर १६०, त्याहून जास्त असेल तर २००. वीस डॉलरच्या वहीवर ऐंशी डॉलर शुल्क ही कल्पना कोणा वही बांधणाऱ्याच्या डोक्यातून आलेली नसावी.

मुद्दा पक्का करणारी गोष्ट त्यानंतरची आहे. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेसाठी बहुतेक सेवा आणि मग काही दिवसांत सर्वच सेवा थांबवली होती, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली. भारतीय मालावरचा ५० टक्के दर तेव्हा कमी झालेला नव्हता. सेवा बंद असताना जो दर होता तोच ती सुरू झाली तेव्हाही होता. बदलले ते एवढेच की आता शुल्क पार्सल बुक करतानाच घेतले जाऊ लागले आणि ते पुढे भरण्याचा मार्ग तयार झाला होता. जागतिक टपाल संघानेही सदस्य पोस्टांसाठी अशीच, म्हणजे शुल्क आधी मोजून आधी भरण्याची, व्यवस्था उपलब्ध करून दिली. तेव्हा आपले पार्सल कधी हलेल हे ताडायचे असेल, तर दर उतरण्याच्या बातम्यांवर डोळा ठेवून उपयोग नाही. ‘शुल्क आगाऊ भरून बुकिंग सुरू’ अशी पोस्टाची सूचना कधी निघते ते पाहावे.

पैशाच्या जोडीला दुसरी अडचण माहितीची असते, आणि ती मात्र बरीचशी आपल्या हातात आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये कायदा करून, पार्सलांतून येणाऱ्या घातक अमली पदार्थांना आळा घालण्यासाठी, पार्सलाची माहिती ते पोहोचण्याआधी इलेक्ट्रॉनिक रूपात पाठवणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने १५ मार्च २०२१ पासून विमानाने येणाऱ्या टपाली मालाला असाच नियम लावला. म्हणजे पार्सलावर चिकटवलेले सीएन २२ किंवा जास्त किमतीच्या मालासाठीचे सीएन २३ हे घोषणापत्र आता एकटे पुरत नाही. त्यावरचा मजकूर जसाच्या तसा संगणकात चढून पिशवीच्या आधी तिकडे पोहोचावा लागतो.

याची शिकवणी मला महागात पडली. मी युरोपात पाठवलेला एक खोका दोन महिन्यांनी परत आला. एक कोपरा चेपलेला, माझ्या तपकिरी पट्टीवर कोणा परक्याची पांढरी पट्टी, आणि घोषणापत्राच्या हिरव्या चिठ्ठीवर मी ज्या एका शब्दात सगळे उरकले होते त्या ‘स्टेशनरी’ शब्दाभोवती लाल शाईचे वर्तुळ. कारण म्हणून दुसरे काही लिहिलेले नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. स्टेशनरी म्हणजे वही, शाई, कात्री की गोंद, हे त्या शब्दावरून कोणालाच कळणार नव्हते. तोच खोका मी पुन्हा पाठवला तेव्हा ‘कापडी बांधणीच्या कोऱ्या कागदी वह्या, ४ नग’ असे लिहिले, प्रत्येक नगाचे वजन आणि किंमत वेगळी दाखवली, माल कोणत्या देशात तयार झाला ते नमूद केले आणि वह्यांचा ४८२०१० हा सहा अंकी एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, घातला. खोका विनातक्रार पोहोचला. उत्पादनाचा देश हा रकाना लोक फार सहज भरतात. शुल्काचा दर माल कुठून पाठवला यावर ठरत नाही, तो कुठे तयार झाला यावर ठरतो. त्यामुळे वह्यांबरोबर दुसऱ्या देशात बनलेले पेन घातले की त्याची ओळ वेगळी लिहावी लागते.

आता आपल्या पार्सलाकडे येतो. पावतीवरचा क्रमांक दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे अशा तेरा चिन्हांचा असेल, तर तो बहिणीच्या देशाच्या पोस्टाच्या संकेतस्थळावरही टाकून पाहा; पुष्कळदा एका बाजूला न दिसणारी नोंद दुसऱ्या बाजूला दिसते. ‘परदेशी रवाना’ ही नोंद फसवी असते. पिशवी बंद करून तिची यादी तयार झाली की ती उमटते, विमान उडाल्यावर नव्हे. त्यामुळे अशी नोंद असूनही पार्सल आपल्याच देशातल्या विमानतळावर पडून असू शकते. दोन्हीकडे तेवढीच नोंद दिसत असेल, तर बहुधा आपलेही तसेच झाले आहे, आणि अशा वेळी बुकिंगच्या पोस्टात लेखी अर्ज देऊन पार्सल परत मागणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. भारतीय टपाल खात्याने २०२५ च्या स्थगितीत अशा अडकलेल्या पार्सलांचे टपालशुल्क परत देऊ केले होते, म्हणून तेही विचारून पाहा.

पलीकडे पोहोचल्याची नोंद असून पुढे ‘कस्टम्सने रोखले’ असे दिसत असेल, तर खिडकीवर हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. ते काम बहिणीचे आहे. तिला तिथल्या पोस्टाकडून शुल्काची मागणी किंवा वस्तूच्या किमतीचा पुरावा मागणारे पत्र आले असेल, आणि त्याला मुदतीत उत्तर न गेल्यास पार्सल परत फिरते. खरेदीची पावती तिला आजच पाठवून द्या. मात्र ‘शुल्क भरा’ असा मोबाइलवर आलेला संदेश आधी तपासून घ्यायला सांगा, कारण अशा गोंधळाच्या दिवसांत भामट्यांचे चांगले फावते. शुल्क वाचवण्यासाठी मागाहून किंमत कमी दाखवणारी पावती मात्र बनवू नका. खोट्या घोषणेमुळे जप्त झालेल्या मालाची भरपाई कोणतेही पोस्ट देत नाही.

पार्सल खरोखरच गहाळ झाले असेल, तर चौकशीचा अर्ज ते टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. ईएमएस, म्हणजे पोस्टाची आंतरराष्ट्रीय जलद सेवा, असेल तर मुदत चार महिन्यांची आहे. अर्जाला मूळ पावती लागते. हल्ली ती ज्या गुळगुळीत कागदावर छापतात त्यावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून आजच तिचा स्वच्छ फोटो काढून ठेवा.