एका हेडरवर किती पंखे?

प्रश्न : मी स्वतः डेस्कटॉप संगणक जोडत आहे. कॅबिनेटमध्ये पुढच्या बाजूला चार पिनांचे तीन पंखे आहेत आणि जुन्या संगणकातून काढलेले तीन पिनांचे दोन पंखे वरच्या बाजूला बसवायचे आहेत. प्रोसेसरचा पंखा वेगळा आहे. मदरबोर्डवर मात्र प्रोसेसरच्या हेडरशिवाय पंख्यांसाठी दोनच हेडर (पंख्याची केबल खोचण्याच्या पिनांची जागा) आहेत. एक मित्र म्हणतो की स्प्लिटर, म्हणजे एका हेडरला अनेक पंखे जोडणारी केबल, लावून मोकळा हो. दुसरा म्हणतो की तसे केल्यास मदरबोर्ड जळेल. खरे काय?

उत्तर : दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे, कारण दोघेही पंख्यांची संख्या पाहत आहेत आणि पाहायला हवा तो विद्युत्प्रवाह. स्प्लिटर म्हणजे समांतर जोडणी. तीत प्रत्येक पंख्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात, पण सगळ्यांनी ओढलेल्या प्रवाहाची बेरीज त्या एकाच हेडरातून जाते. बहुतेक मदरबोर्डांवरील साध्या हेडरची मर्यादा १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट असते; पाण्याच्या पंपासाठी दिलेल्या काही हेडरांची मर्यादा २ किंवा ३ अँपिअरही असते. नेमका आकडा मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि काहीही जोडण्यापूर्वी तो स्वतः वाचून घ्यावा.

आता प्रत्येक पंख्याच्या मध्यभागी चिकटवलेले लेबल वाचा. समजा, पुढच्या तीन पंख्यांवर ०.१८ अँपिअर लिहिले आहे. तिघांची बेरीज ०.५४ अँपिअर, म्हणजे सुमारे साडेसहा वॅट होते आणि ती एका हेडरवर निर्धास्तपणे चालते. वरच्या दोघांवर ०.२५ लिहिले असेल, तर त्यांची बेरीज ०.५० अँपिअर होते आणि दुसऱ्या हेडरला तीही झेपते. बेरीज मर्यादेच्या अगदी काठापर्यंत नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १ अँपिअरच्या हेडरवर मी पाऊण अँपिअरच्या पुढे कधी जात नाही. याचे कारण असे की थांबलेली मोटर फिरू लागताना क्षणभर नेहमीपेक्षा जास्त प्रवाह ओढते आणि संगणक सुरू होताना सगळे पंखे हा क्षण एकदमच गाठतात. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा ढकलायला लागणारी शक्ती साधारण एक अष्टमांशावर येते, त्यामुळे रोजच्या वापरात भार पुष्कळच कमी दिसतो; पण हिशेब करायचा तो पूर्ण वेगाचाच.

चार पिनांचे आणि तीन पिनांचे पंखे एकाच स्प्लिटरवर एकत्र जोडू नका. तीन पिनांमध्ये एक जमिनीची (ग्राउंड), एक १२ व्होल्टची आणि एक वेग कळवणारी असते. अशा पंख्याचा वेग कमी करायचा तर त्याला मिळणारे व्होल्टच कमी करावे लागतात. चौथी पिन नियंत्रणाच्या सिग्नलची असते. अशा चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळत राहतात आणि या पिनेवरचा सुमारे २५ किलोहर्ट्झचा चालू-बंद होणारा सिग्नल पंख्याला किती वेगाने फिरायचे ते सांगतो. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. दोन्ही प्रकार एका हेडरवर आले आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पीडब्ल्यूएम निवडलेले असले, की तीन पिनांचा पंखा सतत पूर्ण वेगाने फिरत राहतो. म्हणून पुढच्या तिघांचे हेडर पीडब्ल्यूएमवर ठेवा आणि वरच्या दोघांचे डीसीवर, म्हणजे व्होल्ट कमी-जास्त करून वेग बदलण्याच्या पद्धतीवर. डीसीवर ठेवताना किमान वेग फार खाली नेऊ नका, कारण ठरावीक व्होल्टच्या खाली पंखा जागचा हलतच नाही.

स्प्लिटर घेताना त्याची टोके नीट पाहा. चांगल्या स्प्लिटरच्या एकाच टोकावर वेगाची तार जोडलेली असते आणि बाकीच्या टोकांवर ती पिन मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. पंखा प्रत्येक फेरीला दोन स्पंद पाठवतो. तीन पंख्यांचे स्पंद एका तारेत मिसळले, तर मदरबोर्डला निरर्थक आकडा दिसतो. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी : ज्यांचा वेग कळवला जात नाही, त्यांच्यापैकी एखादा पंखा बंद पडला तरी संगणक काहीच सांगणार नाही. अधूनमधून कॅबिनेट उघडून सगळे पंखे फिरत आहेत ना, हे डोळ्यांनी पाहणे हाच त्यावर उपाय आहे आणि तो टाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : माझ्याकडे आठ पंखे असल्यामुळे मी साटा केबलने (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या केबलने) वीज घेणारा हब, म्हणजे अनेक पंखे जोडण्याची पेटी, घेतला आणि प्रोसेसरच्या पंख्यासह सगळे त्यावर जोडले. सगळे पंखे फिरतात, तरीही संगणक सुरू करताना प्रोसेसरचा पंखा नसल्याची सूचना येते आणि संगणक तिथेच थांबतो. हब बिघडला आहे का?

उत्तर : हब बहुधा ठीक आहे. असा हब वीज थेट पॉवर सप्लायकडून घेतो आणि मदरबोर्डकडून फक्त नियंत्रणाचा सिग्नल. म्हणूनच आठ पंख्यांचा भार हेडरवर पडत नाही. वेगाची माहिती मात्र हबच्या एकाच, बहुधा खूण केलेल्या जागेवरून परत जाते. प्रोसेसरचा पंखा दुसऱ्या जागी असेल किंवा हबची केबल दुसऱ्या हेडरला लावलेली असेल, तर प्रोसेसरच्या हेडरवर एकही स्पंद पोहोचत नाही आणि मदरबोर्ड सावधगिरी म्हणून थांबतो. ही सूचना बायोसमधून बंद करता येते, पण तसे करू नका. प्रोसेसरचा पंखा हबवरून काढून त्याच्या स्वतःच्या हेडरवर लावा, म्हणजे त्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानानुसार बदलेल आणि तो बंद पडलाच तर लगेच कळेल. पाण्याचा पंप असल्यास त्यालाही स्वतंत्र हेडर द्यावे.

विजेचे म्हणाल, तर साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर असते, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर किंवा ५४ वॅट. आठ साध्या पंख्यांना हे पुरून उरते. मात्र त्याच केबलवर आणखी हब आणि दिवे जोडत जाऊ नका. मोलेक्समधून (पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनांच्या जोडणीतून) साटा काढणारे, प्लास्टिक ओतून घडवलेले स्वस्त अडॅप्टर तर टाळाच, कारण त्यांच्या आतल्या तारा सरकून एकमेकींना टेकल्याने आग लागल्याची उदाहरणे आहेत.

प्रश्न : पंख्यांच्या रंगीत दिव्यांची केबलही पंख्याच्याच हेडरला लावायची का?

उत्तर : नाही, दिव्यांची हेडरे वेगळी असतात. त्यांत दोन प्रकार असून ते एकमेकांशी जुळत नाहीत : प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलणाऱ्या पट्ट्यांना ५ व्होल्ट लागतात आणि त्यांच्या जोडणीत तीन पिना असतात, तर सगळे दिवे एकाच रंगात लावणाऱ्या पट्ट्यांना १२ व्होल्ट लागतात आणि त्यांना चार पिना असतात. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या हेडरवर जोर लावून बसवली, तर दिवे जळून कायमचे निकामी होतात. मदरबोर्डवर हेडरशेजारी छापलेले व्होल्ट वाचूनच केबल लावा आणि त्याआधी पॉवर सप्लायचा स्विच बंद करा.