उठताना खूण ठेव

बाळा,

राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत चार तास बसूनही पान सरकत नाही, म्हणून तू स्वतःला मठ्ठ ठरवून मोकळा झालास. तूच सांगितलेला दिवस बघ की: गुणोत्तराचं उदाहरण, मध्येच ग्रुपवरचा मेसेज, मग राज्यघटनेची कलमं, पुन्हा उदाहरण. एवढ्या उड्या मारल्यावर कुणाचं लक्ष लागेल?

प्रत्येक कामाचे नियम मेंदूला मांडून ठेवावे लागतात; त्यात मोठा वाटा कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा. काम बदललं की जुनी मांडामांड उचलायची, नवी करायची. रॉजर्स आणि मॉन्सेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दाखवलं, की बदल कधी होणार हे आधी माहीत असलं, तयारीला वेळ मिळाला, तरी हा वेळेचा भुर्दंड पुरता चुकत नाही. शिवाय काम अर्धवट सोडलं की लक्षाचा काही भाग तिथंच रेंगाळतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये मांडलं. २०१८ मध्ये त्यांनी ग्लोम्ब यांच्यासोबत उपायही तपासला: परत आल्यावर काय करायचं ते उठण्याआधी मिनिटभरात लिहायचं. तसं करणाऱ्यांचं पुढच्या कामात लक्ष जास्त लागलं.

म्हणून सांगतो, उठताना खूण ठेव. समासात पेन्सिलीनं दोनच ओळी: कुठं थांबलो, आल्यावर पहिलं काय करायचं. ‘गणित राहिलं’ ही खूण नव्हे. ‘उदाहरण १४, समीकरण मांडलं, आता क्ष काढायचा’ ही खूण. आणि फोन बघून झाल्यावर लिहू नकोस. तोवर निम्मं डोक्यातून गेलेलं असतं. चहाला उठलास तरी खूण. आई हाक मारते म्हणून उठलास तरी खूण!

दर पंचवीस मिनिटांनी गजर लावून उठायचं खूळ मात्र सोड. मॅकवर्थ यांच्या १९४८ च्या प्रयोगात घड्याळाच्या काट्याची क्वचित होणारी दुहेरी उडी टिपायची होती. पहिल्या अर्ध्या तासानंतरच ती जास्त निसटायला लागली. पण ते रटाळ पहाऱ्याचं काम होतं. कलमांच्या घोकंपट्टीला अर्धा तास ठीक. उदाहरण सुटत आलेलं असताना गजरासाठी कशाला उठायचं? मधल्या सुटीत रंकाळ्यावर चक्कर मार, फोन दप्तरात.

एवढ्याशा ओळीसाठी मी का अडून बसतो, असं तुला वाटेल. इच्छाशक्तीवरची व्याख्यानं मीही पोरांना पुष्कळ ऐकवली, आणि त्यानं ती फक्त स्वतःला दोष द्यायला शिकली. त्यापेक्षा हा हट्ट बरा.

रविवारी येताना वही आण. मला समास बघायचाय.