पहिल्यांदा कपाशीवर फवारणी करणार असशील तर हे वाच

भाऊ, पंप पाठीवर घ्यायच्या आधी डब्यावरचा त्रिकोण बघ. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा सगळ्यात कमी, पण हिरवा आहे म्हणून उघड्या हाताने औषध कालवायचं असं नाही. खरा धोका फवारताना असतो तेवढाच औषध कालवताना पण असतो कारण तेव्हा ते घट्ट असतं, हातमोजे तिथेच पाहिजेत, आणि ढवळायला काठी घे.

दुकानदार म्हणेल दोन-तीन औषधं एकत्र मारा, लवकर रिझल्ट येतो. नको. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

कपाशी डोक्याएवढी झाली की सगळा फवारा तोंडावरच येतो, म्हणून वारा पाठीकडून घे, सकाळी लवकर उरक, भर उन्हात घामाने कपडे भिजतात आणि औषध कातडीतून आत जातं. नोझल चोंदलं तर तोंडाने फुंकू नको रे बाबा, तारेने पण नको, जुना टूथब्रश ठेव. मधे तंबाखू चोळायची नाही, घरी आल्यावर साबणाने आंघोळ आणि कपडे वेगळे धुवायचे.

मळमळ, गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ, यातलं काहीही झालं तर काम तिथंच सोड, कपडे बदल, अंग धू आणि सरळ दवाखाना गाठ, आणि जाताना औषधाचं लेबल नक्की ने, कारण कुठलं विष आहे ते कळल्यावरच डॉक्टरला नेमका उपचार करता येतो.