वही कपाटातून बाहेर काढा

पत्र : मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीला ९१ टक्के, बारावीला ८४. वर्षभर दक्षिण अमेरिकेतली क्वेचुआ आणि आर्मेनियाची आर्मेनियन या दोन भाषांची तुलना करत वही भरते आहे. म्हणते, या दोघी बहिणी आहेत. एमपीएससीचा क्लास लावला, तिथेही तेच. शेवटी वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. तेव्हापासून ती ताटावरही बोलत नाही, पण अभ्यासाला बसते. काही पानांचे फोटो सोबत पाठवतो. ती तुमचं सदर वाचते. यात भवितव्य नाही, हे तुम्हीच तिला लिहा.
— एक वडील, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तसं मी लिहिणार नाही. तुमच्या पत्रात मला टक्क्यांची काळजी वाटली नाही, कुलपाची वाटली. 'ताटावरही बोलत नाही, पण अभ्यासाला बसते' हे वाक्य तुम्ही समाधानानं लिहिलं आहे. मी ते वाचून अस्वस्थ झालो. ती गप्प बसली आहे, एवढंच त्यातून कळतं. अभ्यास होतो आहे हे नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीची वही काढून घेणं याला शिस्त म्हणत नाहीत, तो तिचा अपमान आहे. आवडीच्या गोष्टी घरात बोलायच्या थांबवलेली मुलं पुढे अडचणीही घरात सांगत नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की तुमच्यापाशी सौम्य बोलायची इच्छा होत नाही.

आता वहीकडे येतो. फोटो दोनदा पाहिले. एका पानावर पेरूतल्या कुस्कोकडच्या क्वेचुआतले तीन शब्द आहेत. साध्या 'त'चा 'तांता' म्हणजे जमाव. 'थांता' म्हणजे जुनेर, फाटकंतुटकं. आणि तिसऱ्यात पुन्हा 'त'च, पण घसा क्षणभर आवळून फटकन सोडलेला; त्याचा अर्थ पाव. तिनं त्या 'त'वर लाल टिंब दिलंय आणि शेजारी लिहिलंय, 'आर्मेनियनच्या काही बोलींतही असेच आवळलेले ध्वनी, म्हणून नातं.' निरीक्षण बरोबर आहे, 'म्हणून' चुकलंय.

हा गैरसमज फार जुना आहे आणि मोठमोठ्यांना झालेला आहे. १८७१ साली अर्जेंटिनाच्या विसेंते फिदेल लोपेस यांनी पेरूच्या इंकांना आर्यवंशी ठरवणारा ग्रंथच लिहिला, आणि त्यात क्वेचुआतल्या शब्दसाम्याचा आधार घेतला. पुढे चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, हाइनरिख ह्युब्शमान यांनी उलट्या बाजूचं काम केलं. आर्मेनियनमध्ये इराणी शब्द इतके आहेत की तिला इराणीच समजत असत. त्यांनी उसने शब्द वेगळे काढले आणि दाखवलं, की ही भारोपीय, म्हणजे संस्कृत-इराणी-ग्रीक ज्यात येतात त्या, कुळातली स्वतंत्र शाखा आहे. म्हणजे मराठीची दूरची चुलत बहीण. तुमच्या मुलीनं 'पाच'चा तक्ता केलाय तोच पाहा. क्वेचुआत पाचला 'पिच्का' म्हणतात, ऐकायला आपल्या 'पाच'सारखं. आर्मेनियनमध्ये 'हिंग', अगदी परका वाटणारा. पण नातं आहे ते 'हिंग'शी. 'पिच्का' निव्वळ योगायोग. दोनला आर्मेनियनमध्ये 'एर्कु'. ऐकायला संस्कृत 'द्व'शी काहीच जुळत नाही, तरी सख्खं नातं, कारण जुना 'द्व' तिथे शब्दारंभी नियमानं 'एर्क' होतो. नातं सारखेपणावरून ठरत नाही, नियमित फरकावरून ठरतं. आवळलेल्या ध्वनींचं म्हणाल तर शेजार बघावा : क्वेचुआशेजारी आयमारा, आर्मेनियनशेजारी जॉर्जियन. या शेजारणींकडेही असे ध्वनी आहेत; म्हणजे ते शेजारातूनही येऊ शकतात, त्यावरून नातं ठरत नाही.

हे तिला सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून ती चुकली. इंटरनेटवर एकटीनं शिकणाऱ्याचं असं होतंच.

आणि एक पान तर मला फार आवडलं. क्वेचुआत स्वतः पाहिलेल्या गोष्टीला '-मि' लावतात, ऐकीव गोष्टीला '-सि'. समोर तिनं लिहिलंय : 'आपलं *म्हणे*. पाऊस पडला म्हणे.' नातं नसलेल्या भाषा एकच गरज कशी भागवतात, हे पाहणं ही भाषाविज्ञानातली रीतसर, मानाची शाखा आहे. दुसऱ्या वर्षाची मुलगी विनाशिक्षक तिथवर पोचली आहे. एमपीएससीच्या वर्गात ही नजर कुजेल.

स्पर्धा परीक्षा तिला द्यायची असेल तर पदवीनंतर देईल. वयाची घाई नाही.

मला विचाराल तर तिला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान विभाग दाखवायला घेऊन जा, तुम्ही स्वतः. तिथे एम.ए. करता येतं, पुढे त्याच विषयात नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आहे. कोशकार्य, बोलींची नोंदणी, संगणकाला मराठी ऐकायला-बोलायला शिकवणं, या कामांना अशी माणसं लागतात. पगाराची खात्री मी देत नाही, एमपीएससीचीही देता येत नाही. क्वेचुआ तिला खरंच हवी असेल तर आधी स्पॅनिश शिकावी लागेल, कारण १५६० साली छापलेल्या क्वेचुआच्या पहिल्या व्याकरणापासून पुष्कळ लिखाण स्पॅनिशमध्येच आहे. हे कष्ट तिला आजच स्पष्ट सांगा.

पण हे सगळं नंतर. आज संध्याकाळी कुलूप उघडा, वही तिच्या हातात द्या आणि 'पाच'चं पान काढायला सांगा. 'पिच्का' आणि 'हिंग'बद्दल वर लिहिलंय ते तिला वाचायला द्या. ती काय म्हणते ते ऐका, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.